‘स्मरणार्थ’ : एका शब्दाची रचना आणि स्मरण-दानाचे ॲप

१

वडाळ्याचे विठ्ठलमंदिर मुंबईत ‘प्रतिपंढरपूर’ या नावाने ओळखले जाते. आषाढी एकादशीस ज्यांना भीमातीरी जाणे घडत नाही अशा हजारो मुंबईकरांची वारी येथेच पुरी होते. याच परिसरात गौड सारस्वत समाजाचे राममंदिर आहे, अँटॉप हिलवर शेख मिस्री यांचा दर्गा आहे, दादर पारशी कॉलनी लगत आहे आणि डॉ. आंबेडकरांच्या नावाचे महाविद्यालयही आहे. एवढ्याशा टापूत मृतांचे स्मरण करण्याच्या व त्यांच्या नावाने काही देण्याच्या निरनिराळ्या रीती शेजारी शेजारी नांदत आहेत. सामुदायिक स्मरण आणि धर्मादाय देणगी या दोहोंची सोय एकत्र करून देणारे भ्रमणध्वनीवरील ॲप कसे असावे, हा प्रश्न विचारावयाचा झाल्यास वडाळ्यासारखी कसोटी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

अशा ॲपांचा सांगाडा आता परिचयाचा झाला आहे. प्रथम दिवंगत व्यक्तीचे नाव विचारावयाचे. मग जन्ममृत्यूचे दिनांक, छायाचित्र व नाते. त्याखाली पडद्यावर तेवणारा दिवा. आणि शेवटी ‘दान करा’ ही कळ. २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाल्यापासून ही कळ दाबणे कोणासही साध्य झाले आहे. असे ॲप ही तांत्रिक वस्तू होय, असे सामान्यतः मानले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ॲप वापरणाऱ्याच्या दृष्टीने पाहता ते प्रथमतः एक प्रपत्र आहे, आणि प्रपत्र ही भाषिक रचना आहे. कोणता प्रश्न विचारावयाचा, कोणत्या क्रमाने विचारावयाचा, कोणते उत्तर चालेल आणि कोणते चालणार नाही, हे ठरविणारा प्रत्यक्षात एक व्याकरणच रचीत असतो. त्या व्याकरणात जे बसत नाही त्याचे स्मरणही होत नाही. म्हणून या रचनेची समीक्षा भाषाशास्त्राच्या बाजूने होणे अगत्याचे आहे.

२

नाव, नाते आणि रक्कम यांची एकत्र नोंद करण्याची कल्पना नवी नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राकृत लेखांत ‘देयधम्म’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. दानाचे पुण्य आईवडिलांना लाभावे असा उद्देश तत्कालीन लेण्यांतील लेखांत सांगितलेला आढळतो. तेथेच ‘अक्षयनीवी’ ही संज्ञाही भेटते. मूळ ठेव न मोडता तिच्या उत्पन्नावर दानाचा हेतू चालू ठेवण्याची ही योजना होती. म्हणजे दान आणि त्याची कालमर्यादा यांचा विचार तेव्हाच एकत्र झालेला होता.

मराठीपुरते पाहिल्यास पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील ‘चौऱ्यांशीचा लेख’ या विषयात सर्वांत महत्त्वाचा ठरतो. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळातील हा लेख वस्तुतः देणगीदारांची यादी आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या संग्रहामुळे तो अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला. यादवराजा रामचंद्रदेव आणि हेमाद्री पंडित यांची नावे तेथे आहेत. त्याच शिळेवर सामान्य भक्तांच्या लहान देणग्याही आहेत. दिलेल्या पैशाच्या तपशिलाला तेथे ‘विवरु’ म्हटले आहे, आणि देवाला वाहावयाची फुले ‘आचंद्रार्क’ चालावीत असा हेतू सांगितला आहे. हिशेब आणि चिरंतनता ही दोन टोके एकाच वाक्यात यावीत, हे या लेखाचे वैशिष्ट्य होय. आधुनिक ॲपकडूनही याच दोन गोष्टींची अपेक्षा केली जाते. पहिली गोष्ट, म्हणजे पावती व हिशेब, ते उत्तम रीतीने देऊ शकते. दुसरी देण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी आहे काय, हाच प्रश्न आहे.

शिळेनंतर वही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेल्या. यात्रेकरू क्षेत्री आला की आपले गाव व कुळ सांगावयाचे, उपाध्यायाने वही काढावयाची, पूर्वजांची नावे वाचून दाखवावयाची आणि नव्या पिढीची नावे त्यांखाली लिहून घ्यावयाची, हा क्रम. पारशी समाजात ‘नामग्रहण’ या नावाने ओळखली जाणारी मृतांच्या नावांची यादी विधीच्या वेळी उच्चारली जाते, तीही याच जातीची. येथे नोंद मुकी नसते; ती मोठ्याने वाचली जाते आणि वाचणारा व ऐकणारा दोघेही समोरासमोर असतात.

वहीनंतर पावती. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी वर्षाला एक पैसा मागितला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प झाला व तो सिद्धीस गेला. एका व्यक्तीचे स्मरण आणि असंख्यांच्या लहान रकमा यांची सांगड घालणारे एवढे मोठे उदाहरण त्यापूर्वी महाराष्ट्रात नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने तर पैशाऐवजी मूठभर धान्यच घेतले. या तिन्ही योजनांत एक समान सूत्र आहे: मागणी इतकी लहान की कोणासही ‘आपल्याला परवडत नाही’ असे म्हणावे लागू नये. रकमेच्या लहानपणात सामुदायिकता दडलेली असते, ही जाण येथे दिसते.

३

आता प्रत्यक्ष शब्दयोजनेकडे वळावे. देवळाच्या फरशीवर, पाणपोईवर, शाळेच्या वर्गाच्या दारावर आढळणारे मराठी वाक्य ठरावीक असते: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून’. या वाक्यात क्रियापद नाही. दिले, अर्पण केले, बांधले यांपैकी काहीही उच्चारलेले नाही. मृत व्यक्ती प्रथम येते. देणारा शेवटी येतो, आणि तोही कर्त्याच्या प्रथमा विभक्तीत न येता ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाच्या आश्रयाने येतो. जणू दान त्याच्या हातून घडले, त्याने ते केले नाही. ‘स्मरणार्थ’ यातील ‘अर्थ’ हा प्रयोजन दर्शवितो. सर्व वाक्याचा भार त्या एका पदावर आहे.

याउलट ॲपचे वाक्य असे असते: ‘तुम्ही ५०० रुपये दान केले. धन्यवाद!’ येथे देणारा कर्ता झाला, रक्कम कर्म झाली, आणि ज्याच्यासाठी हे घडले तो वाक्यातून नाहीसाच झाला. ही केवळ शैलीची बाब नव्हे. वैदिक परंपरेतील आहुतीच्या शेवटी ‘न मम’ असे उच्चारले जाते, आणि शास्त्रकारांनी दानाची व्याख्या ‘आपले स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे’ अशी केली आहे. देणाऱ्याने मागे सरावे, हे त्या व्याख्येचे मर्म. ॲपचे वाक्य त्याला पुढे ओढते, आणि लगेच हे दान इतरांना कळवावे अशी सूचनाही देते.

क्रियापदाच्या अर्थाचाही विचार कर्तव्य आहे. मराठी सार्वजनिक व्यवहारात मागणी विध्यर्थाने केली जाते: ‘यथाशक्ती देणगी द्यावी, ही विनंती’. ‘द्यावी’ या रूपात कर्तव्याची जाणीव आहे, पण आज्ञा नाही. आणि ‘यथाशक्ती’ या अव्ययाने रकमेचा निर्णय देणाऱ्याकडे सोपविला आहे. ‘दान करा’ ही आज्ञार्थी कळ आणि तिच्यासमोर मांडलेले ५००, १,०००, ५,००० हे चौकोन या दोन्ही गोष्टी नाहीशा करतात. मराठी माणसाच्या देण्यात सव्वा रुपया, एकशे एक, पाचशे एक हे आकडे परंपरेने येतात. वरचा एक रुपया हिशेबाच्या दृष्टीने निरर्थक, पण संकेताच्या दृष्टीने सार्थ असतो. चौकोनांत तो बसत नाही.

शिवाय ‘दान’ हा एकच शब्द सर्वत्र योजणे हीही चूक होय. वर्गणी, देणगी, दान, अर्पण आणि मदत हे पाच शब्द पर्यायी नाहीत. वर्गणी देणारा मंडळाचा घटक असतो व त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. देणगी संस्थेस दिली जाते. दानात देणारा आपला हक्क सोडतो. अर्पण पूज्य व्यक्तीस वा देवतेस होते; मदत आपत्तीत सापडलेल्यास केली जाते. बौद्ध समाजात ‘धम्मदान’ व ‘भोजनदान’ यांना स्वतःचा अर्थ आहे. या शब्दांबरोबर नातेसंबंध बदलतात. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी ‘दान’ म्हणून मागितल्यास देणारा मालकीहक्काच्या जागेवरून उपकारकर्त्याच्या जागेवर जातो, आणि हिशेब मागण्याचा त्याचा अधिकार भाषेतूनच काढून घेतला जातो.

सर्वनामांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. इंग्रजीत तो नाही. इंग्रजीवरून भाषांतरित केलेल्या ॲपमध्ये ‘आम्ही त्यांचे स्मरण करतो’ असे वाक्य आले की मराठी वाचकाला ते चालकांचे स्मरण वाटते, त्याचे स्वतःचे वाटत नाही. सामुदायिक स्मरणासाठी ‘आपण’ हेच सर्वनाम योग्य. ते आदरार्थी द्वितीय पुरुषीही असल्यामुळे संदिग्ध आहे, असा आक्षेप येईल. परंतु ‘आपण त्यांचे स्मरण करू या’ असे प्रथमपुरुषी रूप योजल्यास संदिग्धता उरत नाही.

४

नावापूर्वीची उपपदे हा तर वडाळ्यासारख्या वस्तीत कळीचा मुद्दा ठरेल. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. वारकरी घरांत ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी. बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’. मराठी लिहिणाऱ्या मुसलमानांत ‘मरहूम’ किंवा ‘पै.’, ख्रिस्ती कुटुंबांत ‘ख्रिस्तवासी’. ‘दिवंगत’ हा शब्द तटस्थ समजला जातो. पण त्याचाही धात्वर्थ ‘स्वर्गास गेलेला’ असाच आहे. प्रत्येक उपपदात मृत्यूनंतर माणूस कोठे जातो याविषयीचे एक विधान दडलेले आहे. ॲपने ‘कै.’ हे उपपद आपोआप जोडावयाचे ठरविले, तर ‘कालकथित’ लिहिणाऱ्या मुलाला आपल्या पित्यासंबंधी जे विधान मान्य नाही ते यंत्राच्या तोंडून ऐकावे लागेल. १९५६ च्या धर्मांतरानंतर या समाजाने जन्म, विवाह आणि मृत्यू यांची भाषा जाणीवपूर्वक पुन्हा घडविली आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करणारी रचना तटस्थ नसते. ती बहुसंख्यांच्या सवयीला नियमाचे रूप देते. उपाय साधा आहे: उपपदाची जागा मोकळी ठेवावी आणि कुटुंबाने लिहिलेला शब्द जसाच्या तसा ठेवावा.

नात्यांचीही हीच गत. काका, मामा, मावसा व आतोबा यांना इंग्रजीचा एक शब्द पुरतो. त्याच्या भाषांतरातून आलेली यादी मराठी घरात लगेच तोकडी पडते. परंतु यापेक्षाही मोठी उणीव नात्याबाहेरच्या माणसांबाबत आहे. गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले गाववाले एका खोलीत दाटीने राहत. त्यांतील एखादा वारला तर उरलेल्यांनी वर्गणी काढून त्याच्या घरी पैसे पाठवावयाचे, ही रीत होती. त्या स्मरणाचा आणि त्या देण्याचा अधिकार रक्ताच्या नात्यातून आलेला नव्हता. ‘नाते’ या रकान्यात ‘खोलीतला’ असे उत्तर चालत नसेल, तर मुंबईच्या श्रमिक इतिहासातील एक मोठे प्रकरण त्या ॲपसाठी घडलेलेच नाही असे म्हणावे लागेल.

५

यापुढचा मुद्दा अनामिकांचा. ॲपमध्ये नावाचा रकाना सक्तीचा असतो. तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. वडाळ्याचा इतिहास या सक्तीविरुद्ध साक्ष देतो. मे आणि जून १९३० मध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींचे हल्ले झाले. १ जून १९३० रोजी सुमारे १५,००० लोक तेथे लोटले, पोलिसांचे कडे फोडून चिखलातून आत शिरले आणि मुठी-मुठीने मीठ घेऊन बाहेर पडले. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवशी दरवर्षी मानवंदना दिली जाते. पण गोदीत आणि लगतच्या वस्तीत मेलेल्या हमालांची व रहिवाशांची अशी यादी लोकस्मृतीत उरलेली नाही. ज्याचे नाव दलाच्या पटावर होते तो स्मरणात राहिला. ज्याचे नाव फक्त मुकादमाला ठाऊक होते तो राहिला नाही.

परंपरेने हा प्रश्न ओळखला होता. पितृपक्षात प्रत्येकाची तिथी असते. परंतु ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली आहे, आणि तर्पणात ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही त्यांच्याही नावे, किंवा नावाविनाच, पाणी सोडले जाते. ख्रिस्ती परंपरेत २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस याच हेतूने आहे. ज्या रचनेत सर्वपित्रीची जागा नाही ती सामुदायिक स्मरणाची रचना नव्हे. ती अनेक खासगी स्मरणांची गोळाबेरीज होय. म्हणून नावाचा रकाना ऐच्छिक असावा, आणि ‘वडाळ्याच्या मिठागरावरील सत्याग्रही’ किंवा ‘गोदीतील अज्ञात कामगार’ असे समूहवाचक पद तेथे पूर्ण मान्य असावे.

कालगणनेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. महापरिनिर्वाण दिन ६ डिसेंबर या दिनांकाने पाळला जातो. घरचे श्राद्ध तिथीने येते. मुसलमान कुटुंबाचा हिशेब हिजरी वर्षाने चालतो. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण आला. केवळ इंग्रजी दिनांक जाणणाऱ्या ॲपची आठवण त्या वर्षी अनेक घरांत चुकीच्या दिवशी वाजली असती. कोणत्या पंचांगाने स्मरण करावे, हे प्रथमच विचारणे अवघड नाही.

६

यादीचा क्रम हाही अर्थवाहक असतो. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या भिंतीवर (१९८२) ५८,००० हून अधिक नावे हुद्द्याविना, मृत्यूच्या क्रमाने कोरलेली आहेत. न्यू यॉर्क येथील ११ सप्टेंबरच्या स्मारकावर (२०११) २,९८३ नावे आहेत. त्यांचा क्रम ठरविताना आप्तांच्या विनंत्या घेऊन, संगणकाच्या साहाय्याने, जिवंतपणी जे एकत्र होते त्यांची नावे शेजारी आणली गेली. यंत्र स्मरणाच्या सेवेस कसे लावता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. याउलट देणगीच्या ॲपांत सर्वांत मोठी रक्कम सर्वांत वर, असा क्रम लावण्याचा मोह होतो. महाराष्ट्रातील अनेक देवळांत देणगीदाराचे नाव पायरीवर कोरलेले असते, ते भक्तांचे पाय लागावेत म्हणून. गुप्तदानाची प्रतिष्ठाही याच भावनेतून आली आहे. कायद्याला आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला हिशेब हवा असतो, आणि तो हवाच. पण हिशेबासाठी संस्थेस नाव कळणे वेगळे आणि पडद्यावर ते झळकणे वेगळे.

या सर्वांवर एक आक्षेप संभवतो. शिळा, वही व पावती यांचे गोडवे गाणे सोपे आहे. परंतु शिळेवर नाव कोरण्याची ऐपत थोड्यांचीच होती, वहीत अनेक जातींना जागा नव्हती, आणि स्त्रियांची नावे तर वंशावळीतून वगळलीच जात. ॲपने हे दरवाजे उघडले नाहीत काय? हा आक्षेप बलवान आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. २०२० साली महासाथीत पालख्यांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या, अंत्यविधीस आप्तांना जाता येईना, तेव्हा पडद्यावरचे स्मरण हेच अनेकांचे एकमेव स्मरण होते. त्याच वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीची स्थापना न करता आरोग्योत्सव केला आणि रक्त व रक्तद्रव्य यांचे दान घेतले. रूढ रचना मोडूनही सामुदायिकता टिकू शकते, हे त्यावरून दिसते. परंतु ते टिकले याचे कारण देण्याचा अर्थ त्या समूहाने स्वतः ठरविला, हे होय. वहीने ज्यांना वगळले त्यांना ॲपने आत घ्यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र त्यासाठी त्याने वहीचा वगळण्याचा दोष टाकावयाचा असून तिचा मोठ्याने वाचला जाण्याचा गुण घ्यावयाचा आहे. आज बहुधा याच्या उलट घडते: पडद्यावरची नावे कोणी कोणाला वाचून दाखवीत नाही, आणि रकान्यांची सक्ती मात्र कायम राहते.

आणखी एक शंका चिरंतनतेची. पंढरपूरच्या शिळेला साडेसातशे वर्षे झाली. अक्षयनीवीमागे संघ होता; वहीमागे उपाध्यायाचे घराणे होते. ॲपमागे एखादी कंपनी असते, आणि कंपनी बंद पडली की तिच्याजवळची स्मरणे कोणाकडे जावयाची, याचे उत्तर प्रपत्रात कोठेही नसते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदेच्या अधिनियमात, स्वतःच्या मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. परंतु येथे प्रश्न एका व्यक्तीचा नसून समूहाच्या यादीचा आहे. ती यादी छापील स्वरूपात, दरवर्षी, त्या त्या वस्तीतील ग्रंथालयाकडे किंवा मंडळाकडे सोपविण्याचे बंधन चालकांनी स्वतःवर घालून घेणे हा किमान उपाय होय.

तात्पर्य, स्मरण-दानाच्या ॲपचे यश ते किती वेगाने पैसे घेते यावरून ठरवू नये. उपपद मोकळे आहे काय, नाते रक्तापलीकडे जाते काय, नाव ठाऊक नसणाऱ्यालाही जागा आहे काय, मागणी विध्यर्थी आहे काय, आणि वाक्याच्या आरंभी मृत आहे की देणारा, या पाच प्रश्नांवर ते तपासावे. ‘अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून’ हे वाक्य कोणा भाषापंडिताने रचलेले नाही. देणाऱ्या लोकांनीच ते पिढ्यान्‌पिढ्या घासून असे केले आहे. नवी रचना करणाऱ्यांनी ते मोडण्यापूर्वी एकदा नीट वाचावे, एवढीच अपेक्षा.